सबनीसकाकांची पाच वाजताची शिकवणी

सबनीसकाकांना काहीही सांगायला गेलं की ते आधी तुमच्या वाक्याचा प्रकार सांगतात आणि मग, सवड झाली तर, उत्तर देतात. जयपूरला प्रताप नगरात त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने बघायला मी गेलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मी आपलं सरळ विचारलं, "काका, पाणी चोवीस तास असतं का?"

"प्रश्नार्थी," काका म्हणाले आणि समाधानाने मान डोलावली. मग म्हणाले, "नसतं. हे झालं विधानार्थी."

मला वाटलं, म्हातारा आपली फिरकी घेतोय. पण मी मूळचा इस्लामपूरचा. कंपनीने इथे आणून टाकल्यापासून वर्षभर माझ्याशी समोरासमोर कुणी मराठीत बोललं नव्हतं. तेव्हा फिरकी तर फिरकी, निदान मराठीतली आहे, असं म्हणून मी सामान आणून टाकलं.

फिरकी नव्हती. हळूहळू कळलं की ते सगळ्यांशीच असं वागतात. सकाळी भाजीवाला गल्लीत ओरडायचा, "भिंडी ले लो बाबूजी, ताजी भिंडी!" काका गेटमधून बोट उंचावून म्हणायचे, "आज्ञार्थी!" भाजीवाला बिचारा घाबरून म्हणायचा, "नहीं बाबूजी, देसी है." समोरच्या शेखावतबाईंना दारात साप दिसला तेव्हा त्या किंचाळल्या. काठी घेऊन सगळ्यात आधी काकाच धावले, पण धावता धावता "उद्गारार्थी, उद्गारार्थी" असं पुटपुटत होते, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

या वेडाचं मूळ मालतीकाकूंकडे जातं. त्यांना मी फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं आहे. काकांची नोकरी विमा कंपनीतली. गावोगावच्या बदल्या संपवून ती जयपूरला संपली, आणि काकूंनी इथे दुसरी ते चौथीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी सुरू केली. रोज पाच वाजता, खालच्या खोलीत, सतरंजीवर. स्वतःचं मूल नव्हतं. निवृत्तीनंतर काकांनी कऱ्हाडला परत जायचा विषय काढला की काकू म्हणायच्या, "या बॅचचं वर्ष होऊ दे." बॅच संपायची तोवर दुसरी आलेली असायची. अशा एका बॅचच्या मधेच, थंडीत, काकू गेल्या.

तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी पाच वाजता अकरा मुलं दप्तरं घेऊन दारात उभी राहिली. शिकवणी बंद झाल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. काकांनी दार उघडलं. परत जा, असं म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं, "बसा."

आता बसा म्हटल्यावर शिकवणं आलं. काकांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही. पस्तीस वर्षं त्यांनी इंग्रजीतच पत्रं लिहिली. पण साधं इंग्रजी त्यांना नोकरीत कधी लागलंच नव्हतं. मग काकूंचं तिसरीचं व्याकरणाचं पुस्तक घेऊन ते सकाळी गच्चीवर फेऱ्या मारत पाठ करायला लागले. मी त्याच सुमारास राहायला आलो. माझ्या उशापाशी गजरासारखं ऐकू यायचं, "अ सेन्टेन्स हॅज टू पार्ट्स." मुलांच्या फक्त एक धडा पुढे असायचे. कुणी पुढचं विचारलं की म्हणायचे, "वो कल." आणि आलेला धडा पक्का व्हावा म्हणून भाजीवाल्यापासून माझ्यापर्यंत सगळ्यांच्या वाक्यांवर सराव करायचे.

शिकवायचे मात्र झोकात. प्रताप नगरावरून विमानं खाली येताना फार आवाज करतात. विमान आलं की काका खडू हवेत धरून थांबायचे, मुलंही पेन्सिली हवेत धरायची, आणि विमान गेलं की वाक्य जिथे तुटलं तिथून पुढे सुरू व्हायचं. एकदा मी जिन्यात उभा राहून ऐकलं.

"वाक्य के दो हिस्से. जिसके बारे में बोलना है वो सब्जेक्ट. उसके बारे में जो बोलना है वो प्रेडिकेट. मतलब, द पॉलिसीहोल्डर हॅज एक्सपायर्ड. कौन एक्सपायर हुआ?"

"द पॉलिसीहोल्डर!" अकरा गळे आनंदाने ओरडले.

"शाबास. तो सब्जेक्ट कौन?"

"जो मर गया, अंकलजी!"

मी जिन्यात हसून घेतलं आणि वर जाऊन मीटिंगला बसलो. तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. आपल्याला काय करायचंय, या माझ्या जुन्या सवयीने मी गप्प राहिलो.

व्हायचं ते झालं. शाळेत 'माझा जिवलग मित्र' हा निबंध आला आणि कार्तिक नावाच्या मुलाने इंग्रजीत लिहिलं की आरव हा माझा मित्र आहे, तो फर्स्ट क्लास लाइफ, म्हणजे विम्याच्या भाषेत ठणठणीत माणूस, आहे, त्याच्या वयाचा दाखला रीतसर मान्य झालेला आहे, त्याला कोणतीही घातक सवय नाही, आणि त्याची नॉमिनी त्याची आई आहे. शेवटी, 'काइंडली डू द नीडफुल.' वाक्यं बिनचूक होती. प्रत्येकाला सब्जेक्ट होता, प्रेडिकेट होतं. पण बाईंनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला आणि वर्ग हसून लोळला. कार्तिक रडत घरी गेला.

संध्याकाळी त्याची मम्मी आली. भली बाई. हात जोडून म्हणाली, "अंकलजी, बुरा मत मानिए. बच्चे के फ्यूचर का सवाल है."

मी भाडं द्यायला खाली आलो होतो. आता काका या वाक्याचा प्रकार सांगणार म्हणून मी श्वास धरला. काकांनी नुसती कार्तिकची राहिलेली वही आतून आणून दिली आणि तिच्यावरची खडूची पूड हाताने पुसली.

त्यानंतर एकेक दप्तर कमी व्हायला लागलं. काकांनी सुधारायचा फार प्रयत्न केला. रोज दुपारी पाटी घेऊन वर यायचे आणि उदाहरणं माझ्याकडून तपासून घ्यायचे.

"पाटील, हे बघा. द कॅट ड्रिंक्स मिल्क. चालेल?"

"उत्तम आहे, काका."

"उत्तम कसलं? आपल्याकडे मांजर आहे का? पॉलिसीहोल्डर मी हजारो पाहिलेत. त्यांच्याबद्दल मला सांगता येतं. या मांजराबद्दल मला काय माहीत?"

तरी त्यांनी मांजर शिकवलं. कुत्रा शिकवला, बाग शिकवली. पण गल्लीच्या तोंडाशी नवा एसी लावलेला कोचिंग क्लास निघाला होता. दिवाळीपर्यंत सतरंजीवर एकटी पीहू उरली. तिच्यासाठी काका तितक्याच मोठ्या आवाजात शिकवायचे, जणू खोली भरलेली आहे. पीहूच्या पप्पांची सरकारी नोकरी, बदली भोपाळला झाली. जायच्या दिवशी ती पाया पडली आणि काकांनी तिला काकूंचं ते व्याकरणाचं पुस्तक देऊन टाकलं.

मला वाटलं, सुटले बिचारे. आता दुपारी झोपतील, कऱ्हाडला जाऊन येतील.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी घरूनच काम करत होतो. खालून सतरंजी झटकल्याचा आवाज आला. मग दाराची कडी काढल्याचा. मग काहीच नाही. सहा वाजता सतरंजी गुंडाळल्याचा आवाज आला. तिसऱ्या दिवशीही तेच. मला काही केल्या कामात लक्ष लागेना. खाली एक माणूस रिकाम्या सतरंजीसमोर तासभर बसतो आणि वर मी कॅमेरा बंद करून वीस लोकांच्या मीटिंगमध्ये बसतो, आणि दोघांपैकी कुणालाच कुणी हाक मारत नाही. मला स्वतःची लाज वाटली. चौथ्या दिवशी मीटिंग तशीच चालू ठेवली, एक वही उचलली आणि खाली जाऊन सतरंजीवर मांडी घालून बसलो.

काका चष्म्यावरून बघत राहिले. "पाटील, तुमचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे."

"आहे. पण पाया कच्चा आहे."

"खोटं बोलता."

"हो, काका."

ते भिंतीकडे वळले. बराच वेळ फळा पुसत होते. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मग म्हणाले, "पाच मिनिटं उशीर झालाय तुम्हाला. आधी आजचा दिवस सांगा. पाच वाक्यांत, इंग्रजीत. ही मालतीची पद्धत. तिची सगळी शिकवणी इथून सुरू व्हायची. मी निबंध बिघडवले असतील, पण हे कधी चुकवलं नाही. या पाच वाक्यांतल्या चुका काढायच्या नाहीत. नुसतं ऐकायचं."

मी सांगायला लागलो. आठला उठलो. पोहे केले. ते करपले. बॉस ओरडला. आईचा फोन आला, पण मी घेतला नाही. शेवटच्या वाक्याला माझा आवाज जरा हलला, कारण आज काय केलंस, असं या गावात मला कुणी विचारलंच नव्हतं. काका खरोखर नुसते ऐकत होते. इतकं मन लावून माझ्या करपलेल्या पोह्यांबद्दल कुणी ऐकलं नसेल.

"आता तुमची," मी म्हणालो.

"शिक्षकाने सांगायची नसतात."

"काकू सांगत नव्हत्या?"

"ती मला सांगायची. रात्री जेवताना. मी तिला." मग हाताची बोटं पुढे धरून त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली. मी उठलो. मी चहा केला. मी सतरंजी घातली. तीन बोटं मिटली. उरलेली दोन तशीच उभी राहिली. काका त्या बोटांकडे बघत होते, मीही बघत होतो.

"संपलं," ते मराठीत म्हणाले. "रोज एवढंच होतं हो. पाच होतच नाहीत."

मला समजूत घालता येत नाही, कधीच आली नाही. मी त्यांच्या चपला दारात सरळ करून ठेवल्या आणि म्हणालो, "चला, उरलेली दोन बाहेर जाऊन करू."

कुंभा मार्गावरच्या कचोरीच्या गाड्यापाशी आम्ही उभे राहिलो. काकांनी गरम कचोरी खाल्ली, जीभ भाजून घेतली, आणि बोट मिटत म्हणाले, "आय एट अ कचोरी विथ पाटील." चार झाली. मी विचारलं, अजून एक खाऊ या का, म्हणजे पाचवं होईल.

"नको," काका म्हणाले. "पाचवं आज राहू दे. ते राहिलं म्हणजे उद्या तुम्हाला यावं लागेल."

मी येईन म्हणालो. त्यांनी मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.