अप्पांचा लव्हाळा

समस्त नागरिकांस कळविण्यात येते की, आज सकाळी सव्वासात वाजता बसवणप्पांच्या लव्हाळ्याला नववी छत्री फुटली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. बघायला येणाऱ्यांनी चपला फाटकाबाहेर काढाव्यात आणि पानाला हात लावू नये.

काही वर्षांपूर्वी ही बातमी मला खुद्द अप्पांनी दिली, लातुरातल्या आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवरून, आवाज खाली आणून. शेवटची अट माझ्यासाठी होती. मागे मी सहज एक पान चिमटीत धरलं आणि ते तुटलं. अप्पा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

गंमत अशी की, अप्पांचं चाकूरला बी-बियाणांचं दुकान होतं आणि शेतातला लव्हाळा मारायची औषधं विकण्यात त्यांचा जन्म गेला. 'एक फवारा, लव्हाळा म्हातारा' ही पाटी त्यांनीच रंगवून घेतली होती. पुढे म्हातारे अप्पाच झाले. दुकान मोडून लातूरला आले, आणि एका नर्सरीत त्यांना हे झाड दिसलं. उंच दांड्या, प्रत्येकीच्या टोकाला हिरव्या पानांची उघडी छत्री. नर्सरीवाला म्हणाला, "अंब्रेला पाम." अप्पांनी दांडीवरून बोट फिरवलं.

"पाम कशाचा? दांडीला पेर न्हाई. लव्हाळ्याच्या खानदानातला हाय ह्यो. शहरात येऊन नाव बदललंय."

आणि विकत घेतला. का, तर "गाववाला हाय."

या गाववाल्याचे पाय सतत पाण्यात लागतात. आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. अप्पांनी झाडाचा टब काठोकाठ भरायचा आणि स्वतः दोन तांब्यांत आंघोळ उरकायची, असा तोडगा काढला. मी काही बोललो तर म्हणायचे, "मला काय रोज लग्नाला उभं राहायचंय का, सर?"

अशा घरात उमरीहून त्यांची थोरली बहीण, आक्का, आली. दर वर्षी आठवडाभर येते. डोळ्यांनी आता अंधुकच दिसतं, म्हणून घरी तिला कोणी कामाला हात लावू देत नाही. आल्या दिवशीच मला म्हणाली, "बसून खाऊन राहिले बग. मी आता कशाच्या कामाची न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा दूध आणायला गेले. परतले तेव्हा मी भिंतीशीच उभा होतो आणि पळून जावं का, याचा विचार करत होतो. आक्का टबाशेजारी फतकल मारून बसली होती. हात कोपरापर्यंत चिखलात. बाजूला नऊच्या नऊ छत्र्यांचा ढीग.

"बसू! जन्मभर औषध इकलास, आन् तुझ्याच दारात लव्हाळा? हाताला लागला की वळखला म्या. मुळासकट काढला बग!"

अप्पांनी दुधाची पिशवी पायरीवर ठेवली. माझ्या एका पानाला तीन दिवस, तर या ढिगाला किती, हा हिशेब मी मनात करू लागलो.

"बरं केलंस, आक्का," अप्पा म्हणाले. "लई माजला हुता. मला वाकवत न्हाई आता."

आक्काने पदराला हात पुसले आणि चहा मागितला. साखर जास्त घालून.

थोड्या वेळाने अप्पा टॉवेलखाली काहीतरी लपवून माझ्या दारात आले. "सर, बादली द्या. आवाज करू नका." त्यांनी छत्र्या दांडीपासून कापून आणल्या होत्या. माझ्या न्हाणीघरात बसून त्यांनी एकेक छत्री पाण्यात उलटी सोडली. पंधरा दिवसांत तिला खरंच मुळं फुटली. "उलटा केला तरी जगतो," अप्पा म्हणाले. तेव्हापासून आक्का यायची झाली की त्या नव्या रोपांचा टब आमच्या गच्चीवर मुक्कामाला येतो.

यंदा मात्र अप्पांच्या अंगणात मला दुसरा टब दिसला. त्यात शेतातला, अस्सल, कवडीमोल लव्हाळा. अप्पा त्याला तांब्याने पाणी घालत होते.

"हा कशाला, अप्पा?"

"आक्का येणार हाय," म्हणाले, आणि तांब्या भरायला आत गेले.

आक्का आली, टब चाचपला आणि तासाभरात सगळा उपटला. मग मातीत बोटं घालून कितीतरी वेळ काहीतरी शोधत राहिली. शेवटी कंबर सरळ केली आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली,

"बसू, मुळाच्या गाठी खालीच राहिल्यात रं! महिन्याभरात परत उगवतंय बग. मला आता दर महिन्याला यावं लागतंय!"