सावळ्या शेवयांचं केळवण

चायनीज हॉटेलच्या टेबलावर प्लेटींभोवती रांगोळी काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नाडकर्णीमामा. ओव्हरकोटाच्या एका खिशात टाल्कम पावडरच्या डब्यात भरलेली रांगोळी, दुसऱ्या खिशात निरांजन आणि फुलवाती, आणि तोंडी कायम एकच वाक्य, "शास्त्राला धरून आहे!"

मामा आमच्या हॉस्पिटलात भूल द्यायचे. दिवसभर लोकांना झोपवायचं आणि उरलेल्या वेळात कुणालाही डोळा लागू नये इतकं बोलायचं, असा त्यांचा दिनक्रम. मी पुण्याहून नवा नवा इंग्लंडात, वॉटफर्डला आलो तेव्हा त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये अडवलं. नाव नाही, गाव नाही, पहिला प्रश्न, "लग्न झालंय?"

"नाही," म्हटलं.

"वा! मग तुझं केळवण माझ्याकडे. मामाचा मान आहे तो."

आता केळवण म्हणजे लग्नाआधी नातेवाइकांनी नवऱ्यामुलाला, नवरीमुलीला जेवायला बोलवायचं. पण इथे कुणाला नातेवाईक होते? कुणाचा मामा डोंबिवलीत, कुणाची आत्या साताऱ्यात. तेव्हा स्टॅनमोरपासून थेट इल्फर्डपर्यंत कुणाही मराठी पोराचं लग्न ठरलं, की मामा आपणहून त्याचे मामा व्हायचे. कुणी नेमणूक केली नव्हती. कुणी राजीनामाही मागितला नाही.

घरी बोलावण्याची सोय नव्हती, कारण मामांचं घर म्हणजे हॉस्पिटलनं दिलेली एक खोली. खुर्ची एक. पाहुणा आला की मामा सुटकेसवर बसायचे आणि दुसरा आला की तो दारात उभा राहायचा. स्वयंपाकात त्यांना फक्त टोस्ट येत असे, तोही एका बाजूने. म्हणून केळवणं व्हायची ती स्टॅनमोरच्या 'कोरियन'मध्ये.

हे कोरियन म्हणजे खरं तर चायनीज. मालक मिस्टर वांग जातीचे चिनी, पण जन्मले, वाढले कोरियात, आणि त्यांच्याकडे मिळायचं ते कोरियातलं चायनीज. नूडल्सवर काळ्या सोयाबीनचा दाट, काळाभोर सॉस. सोबत पिवळाधमक लोणच्याचा मुळा आणि चक्क कच्चा कांदा! तोही फुकट!

"कच्चा कांदा देतो म्हणजे माणूस आपल्यातलाच," मामांनी पहिल्याच भेटीत निकाल दिला होता. "आणि ह्या शेवयाच आहेत. फक्त सावळ्या. लग्नकार्यात शेवया हव्यातच. शास्त्राला धरून आहे!"

वांगसाहेबांनी मामांना पुरतं ओळखलं होतं. निरांजन पेटलं की ते स्वतः स्टुलावर चढायचे आणि छतावरच्या स्मोक अलार्मला वर्तमानपत्राने वारा घालायचे. एकदा औक्षण लांबलं तेव्हा वारा घालता घालता त्यांनी अख्खं स्पोर्ट्सचं पान वाचून काढलं. आजूबाजूची गोरी गिऱ्हाइकं आधी चमचे खाली ठेवून बघायची, मग टाळ्या वाजवायची.

नव्वद सालानंतरची गोष्ट. माझं अनुजाशी ठरलं. अनुजा स्टॅनमोरच्याच डॉक्टर सबनिसांची मुलगी, जन्म इथला. मामांनी बातमी ऐकली आणि ऑपरेशन थिएटरच्या बाहेर मला मिठी मारली. नवी रांगोळी मागवली. तारीख नक्की केली. आणि त्याच आठवड्यात त्यांचा मला वॉर्डवर फोन.

"वांग गेला रे!"

मी हबकलो. "अरेरे! कधी? काय झालं होतं?"

"मेला नाही. हॉटेल विकून मुलाकडे गेला, कॅनडाला. मेला असता तर निदान हॉटेल तरी घरात राहिलं असतं!"

मी म्हटलं, "मामा, दुसरीकडे करू की."



"दुसरीकडे कुठे?" ते म्हणाले. "तुला सुटकेसवर बसवून टोस्ट वाढू? अरे, नवी मालकीण नाही म्हणाली तर मी मामा कसला? मग मी नुसता एक रिटायर व्हायला आलेला ॲनेस्थेटिस्ट."

त्या संध्याकाळी आम्ही दोघं मालकिणीला भेटायला गेलो. मामांनी टाय घातला होता. भिंतीवरचा ड्रॅगन गायब, भिंतींना पीच रंग, टेबलांवर पांढरेशुभ्र कपडे. मामा दारातच हाय खाऊन उभे. नव्या मालकीणबाई, मिसेस हान, कोरियाच्या. साठीच्या, ठेंगण्या, आणि नजर अशी की मोठमोठ्या सर्जननी हात धुवायला परत जावं.

मामांनी आधी सावळ्या शेवया मागवल्या. पहिला घास घेतला. डोळे मिटले.

"गोड कमी आहे," ते म्हणाले. दुसरा घास. "पण सॉस चांगला परतलाय." मग कांद्याची बशी पाहिली. "कांदा वांगपेक्षा जास्त देते रे! बाई सुशील आहे."

मग बाईंना समजावणं सुरू झालं. "मॅडम, संडे लंच. बिफोर वेडिंग. वन स्पेशल चेअर. स्पेशल पर्सन सिट्स, एव्हरीबडी फीड्स."

"युवर वेडिंग?" बाईंनी विचारलं.

मामा तेव्हा वितीने टेबल मोजत होते. मान वर न करता म्हणाले, "येस, येस. माइन ओन्ली. ऑल वेडिंग्ज माइन."

बाईंनी मामांकडे नखशिखान्त पाहिलं, लांबलचक "आ..." केलं आणि चक्क हसल्या. निरांजनालासुद्धा हो म्हणाल्या. मामा बाहेर येऊन फुटपाथवर अक्षरशः उडी मारते झाले.

रविवारी आम्ही पोचलो तर हॉटेल सजलेलं! मधल्या टेबलाशी एक खुर्ची, तिच्यावर लाल रेशमी कापड, पाठीला खरी फुलं. मिसेस हान त्यांच्या सणाच्या घेरदार पोशाखात. मामा हरखून म्हणाले, "बघितलंस? वांगला हे कधी सुचलं नाही." आणि रांगोळीचा डबा काढून वाकणार, एवढ्यात मिसेस हान पुढे आल्या. त्यांनी मामांचा हात धरला आणि त्यांना थेट त्या खुर्चीत बसवलं. समोर एक मोठा बोल ठेवला. त्यात सॉस नव्हता. पांढऱ्या नूडल्स, पारदर्शक सूप, वर अंड्याच्या पिवळ्या पट्ट्या.

"माय कंट्री, वेडिंग, दिस नूडल," त्या आम्हा सगळ्यांना म्हणाल्या. "लाँग नूडल, लाँग लाइफ. वी आस्क बॅचलर, व्हेन यू गिव्ह अस नूडल?" मग मामांच्या पाठीवर थाप मारून, "यू, व्हेरी लेट. नो प्रॉब्लेम. माय अंकल ऑल्सो लेट."

आमच्या डोक्यात प्रकाश पडला. सबनीसकाका रुमालात तोंड खुपसून हसत होते. मी तर ओठ चावून धरला होता. मामा मात्र कानापर्यंत लाल. खुर्चीतून उठत म्हणाले, "नो, नो, मॅडम! मिस्टेक! हा नवरामुलगा, मी मामा—"

"मामा, बसा ना," अनुजा म्हणाली. "तुम्ही नेहमी दुसऱ्यांचंच केळवण करता. इट्स नॉट फेअर."

"अगं, पण हे शास्त्रात बसत नाही!"

"बसतं," अनुजाची आई म्हणाली. "तुम्हीही बसा."

अनुजाने मामांच्याच खिशातलं निरांजन काढून पेटवलं. काकूंनी कुंकू लावलं. रांगोळी मी काढली. ती केळवणाची कमी आणि ईसीजीची जास्त दिसत होती. मामांनी तिच्यात एकही चूक काढली नाही. मान खाली घालून बसले होते. अनुजाने ओवाळलं तेव्हा त्यांचा चष्मा धूसर झाला, आणि मला उगाच वाटलं की सुपाची वाफ असेल. वाफ नव्हती.

"माझं ठरलं होतं रे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आईने कुणाकडे कधी जेवायचं तेही ठरवून ठेवलं होतं. मला इथली नोकरी आली. म्हटलं, पहिली रजा मिळाली की येतो. रजा मिळाली तेव्हा परीक्षा होती. मग दुसरी परीक्षा. आईचं पत्र आलं, मुलीकडचे किती थांबणार."

मिसेस हानना मराठी कळत नव्हतं, पण काहीतरी कळलं असावं. त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली आणि हळूच विचारलं, "ब्राइड? व्हेअर?"

मामांनी चष्मा पुसला.

"नो ब्राइड, मॅडम. शी वेटेड. आय डिडन्ट गो."

बाई आम्हा सगळ्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अँड दीज पीपल?"

मामांनी टेबलाभोवती एकेकाकडे पाहिलं. मी, अनुजा, सबनीस पतिपत्नी, आणि पूर्वी ह्याच हॉटेलात केळवण जेवून गेलेली, आता कडेवर पोरं घेऊन आलेली त्यांची सगळी भाचरं.

"माय साइड," मामा म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "ऑल माय साइड."

"ग्रूम्स साइड!" बाई कडाडल्या, "देन व्हाय सिटिंग एम्प्टी?" आणि पोशाखाचा घेर सावरत किचनकडे धावल्या. पाच मिनिटांत प्रत्येकापुढे वाफाळता बोल आला. आम्हीही मग कसली भीडभाड ठेवली नाही. वरपक्षाच्या थाटात जेवलो, दोनदोनदा मागून घेतलं, आणि मामांना कुणी उठू दिलं नाही.