साळिंदर झालेली कादंबरी

ग्रेल्मारच्या कादंबऱ्यांबद्दल या अख्ख्या विस्कॉन्सिनमध्ये माझ्याइतकं कुणालाही कळत नाही! हे मी नम्रपणे सांगतोय. उद्धटपणे सांगितलं असतं, तर अख्ख्या अमेरिकेत म्हणालो असतो.

मी चीजच्या कारखान्यात काम करतो. कुठल्याही विद्यापीठानं मला वाचायला शिकवलेलं नाही, म्हणूनच मी अजून वाचतो. गेली वीस वर्षं गावच्या साप्ताहिकात पुस्तकांवर लिहितोय आणि भल्याभल्यांची सालटी काढतोय. ग्रेल्मार हे मुळात एका खेळातलं जग. टेबलाभोवती बसायचं, कुणी योद्धा व्हायचं, कुणी जादूगार, आणि फासे टाकून मरायचं किंवा जगायचं. खेळ खपला म्हटल्यावर कंपनीनं दिसेल त्या लेखकाला धरून त्याच जगावर कादंबऱ्या पाडून घेतल्या. सतरा लेखक, एकशे त्रेचाळीस कादंबऱ्या! त्यातल्या बारा सोनं. बाकीच्या, स्पष्टच सांगतो, शेण.

तर आमचे टेस्के सर. शाळेत सुतारकाम शिकवायचे आणि दर गुरुवारी आपल्या तळघरात आम्हा चार पोरांना घेऊन हा खेळ चालवायचे. अजून भुसा हुंगला की मला तलवारी दिसतात! आता सर एक्क्याऐंशीचे. गुडघे गेले, घर विकलं, आणि ते निघाले वृद्धनिवासातल्या एका खोलीत राहायला. सोबत स्वतः बनवलेलं मेपलच्या लाकडाचं छोटं पुस्तकांचं कपाट, आणि घरात साऱ्या एकशे त्रेचाळीस कादंबऱ्या.

"गॉर्डी, यात बाराच मावतात," सर म्हणाले. "निवडशील?"

"सर, तुम्ही डोळे मिटा. बाकी माझ्यावर सोडा!"

एका दुपारीत निवडलं! मुखपृष्ठ बघायचं, लेखकाचं नाव बघायचं, आणि भिरकावायचं. 'केल्डर्बीची राख' तर चिमटीत धरून टाकलं. त्या पुस्तकात आमच्या खेळातलं लाडकं गाव, केल्डर्बी, उगाचच जाळून टाकलंय. मी त्याच्यावर साप्ताहिकात दोनदा लिहिलंय, तेही अगदी मिसिसिपीच्या चिखलासारख्या भाषेत.

एकशे एकतीस पुस्तकं खोक्यांत भरून ग्रंथालयाच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीसाठी लव्हर्नबाईंकडे पोचवली. या बाई ती विक्री सांभाळतात.

"एवढी सगळी? यातलं एकही चांगलं नाही?" त्यांनी विचारलं.

मी 'केल्डर्बीची राख' वर काढून दाखवलं. "हे बघा. जगातलं सर्वांत वाईट पुस्तक. मी दहाव्या पानापुढे जाऊच शकलो नाही!"

"अगंबाई," बाई म्हणाल्या आणि पुस्तक दोन बोटांनी दाबून बघितलं. "जाडजूड आहे मात्र."

शनिवारी विक्री झाली. सोमवारी सरांचा फोन.

"गॉर्डी, राख कुठंय?"

"कसली राख, सर?"

"केल्डर्बीची, गाढवा!"

"सर, ते भिकार पुस्तक..."

"भिकार आहे हे मला ठाऊक आहे! पहिलं कोरं पान उघडून बघितलंस का?"

आणि मला एकदम आठवलं. नवी कादंबरी आली की आम्ही पाचही जण ती वाचायचो. मग गुरुवारी मतदान! यातलं आपल्या ग्रेल्मारमध्ये घडलं की नाही? निकाल सर पहिल्या कोऱ्या पानावर लिहायचे. बहुतेक पुस्तकांवर एकच ओळ. पण 'राख'वरून असं भांडण जुंपलं होतं की पाचही जणांनी आपापल्या हातानं मत लिहिलं. कोण काय म्हणालं ते मी साफ विसरलो होतो.

"त्यावर लाइलचं अक्षर आहे," सर हळूच म्हणाले. "माझ्याकडे त्याचं दुसरं काही नाही."

लाइल आमचा जादूगार. दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या दफनाला आम्ही सगळ्यांनी खिशात एकेक फासा नेला होता.

मी गाडी अशी पिटाळली की रस्त्यावरच्या हरणांनी मला वाट दिली!

"लव्हर्नबाई! ते पुस्तक कुणी नेलं?"

"कुणीच नाही हो. उरलेली मीच आणली घरी." बाई अभिमानानं मला गॅरेजमध्ये घेऊन गेल्या. "चर्चच्या जत्रेसाठी!"

टेबलावर नऊ साळिंदरं बसली होती! पुस्तकाचं मुखपृष्ठ फाडायचं, एकेक पान दुमडायचं, पहिलं कोरं पान खाली पुठ्ठ्याला डकवायचं, पुढं मण्यांचे डोळे आणि काळं नाक. नऊच्या नऊ माझ्याकडे बघून हसत होती.

"यातलं राख कुठलं?"

"मला काय माहीत? साळिंदराला नाव कुठं असतं!"

"पुठ्ठा काढून बघतो..."

"खबरदार!" बाईंनी गोंदाची बाटली उगारली. "एकेकाला दीड तास लागलाय. कुठलं ते आधी सांगा, मग एकच न्या. बाकीच्यांना हात लावाल तर बघा!"

मग काय, मी गुडघे टेकून बसलो आणि साळिंदरांचे काटे वाचू लागलो. पहिलं, नाही. दुसरं, नाही. सहाव्याच्या कुशीवर अर्धीच ओळ दिसत होती: 'तिच्या ओंजळीतली राख अजून कोमट होती...'

आणि माझं तोंड आपोआप चालू झालं! "...आणि घंटा वाजवायला गावात कुणी उरलं नव्हतं, म्हणून वाऱ्यानं ती वाजवली."

बाईंनी चष्मा वर केला. काटा वाकवून तपासलं. "शब्द न् शब्द बरोबर. पान दोनशे बारा. तुम्ही दहाच्या पुढं गेला नव्हतात ना?"

मी साळिंदर उचललं आणि पळालो.

सरांच्या खोलीत किटली उकळत होती. सरांनी साळिंदर वाफेवर धरलं, पातळ पात्यानं पुठ्ठा सोडवला. पान निघालं. शाई थोडी फुटली होती, पण लाइलचं तिरकं अक्षर जसंच्या तसं: 'नाही घडलं. केल्डर्बीत माझी खानावळ आहे. जाळून तर दाखवा.' सर त्यावरून कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिले. मी खिडकीबाहेर गोठलेल्या तळ्याकडे बघत राहिलो. डोळ्यांत वाफ गेली होती.

"पुढचं वाचू?" सर म्हणाले.

"राहू द्या ना, सर."

"'घडलं!'" सरांनी शाळेतल्या आवाजात सुरुवात केली. "'हे जगातलं सर्वांत महान पुस्तक आहे. मी तीनदा रडलो. दोनशे बारावं पान पाठ केलं. जो याला कचरा म्हणेल तो महामूर्ख, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगेन. गॉर्डी, वय चौदा.'"

"चार विरुद्ध एक," मी पुटपुटलो. "हरलो होतो मी."

"हो. आणि घरी जाताना चौथ्यांदा रडलास."

सरांनी साळिंदर कपाटात ठेवायला घेतलं. मावेना! चांगलंच फुगलं होतं ते. सरांनी माझ्या बारा निवडक ग्रंथांतले तीन उपसून काढले आणि माझ्या हातात ठेवले.

"हे लव्हर्नबाईंना देऊन ये," ते म्हणाले. "चांगले जाड आहेत."