हातगाडीवरची मुलाखत

नत्थुजींच्या हातगाडीचं चाक नेमकं त्याच दिवशी पंक्चर झालं. एरवी ते पुलापाशी उभे राहत, पण आज अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आपल्या घरासमोरच त्यांनी भाजी मांडली. घरात त्यांची लेक प्रणाली आणि बायको सुभद्रा या दोघींची धांदल उडाली. कारण थोड्याच वेळात घरात जे घडायचं होतं, त्याचा नत्थुजींना पत्ताच नव्हता.

देशोदेशीच्या मुलींच्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या एका संस्थेने प्रणालीला मोबाइलवर मुलाखतीला बोलावलं होतं. निवड झाली तर अमरावतीचं इंजिनिअरिंग आणि वसतिगृह, दोन्ही फुकट. पण विषय निघाला की नत्थुजी "अकोल्यात कालेजं कमी हायेत काय?" एवढंच म्हणत आणि उठून जात. तेव्हा आधी निवड होऊ द्यावी, मग बाबांना गोडीगुलाबीने वळवावं, असा मायलेकींचा बेत होता.

"त्याईले मी बाहेर गुतवून ठेवीन," सुभद्रा म्हणाली. "तू आतून कडी लाव."

कडी लागली. पण ब्लूटूथला कडी काय अडवणार? गाडीवरच्या स्पीकरमधून "या ताई, या दादा, ताजे वांगे घ्या, सांभार घ्या" अशी वांगी-कोथिंबिरीची हाक दिवसभर वाजायची. आवाज प्रणालीचा, आणि तो स्पीकर आपल्या मोबाइलला जोडून ठेवणारीही तीच. नत्थुजींनी बाहेर स्पीकरचं बटण दाबलं आणि आतल्या मोबाइलने इमानदारीने जुनी ओळख दाखवली.

पडद्यावर दोघीजणी दिसत होत्या, पुण्याच्या साधना मॅडम आणि केनियाच्या वांजिरू मॅडम. दोघींचे ओठ हलत होते, पण प्रणालीच्या मोबाइलमधून काहीच आवाज येत नव्हता. आवाज सगळा गल्लीत चालला होता.

"नमस्कार! तुम्ही रोज किती वाजता उठता?" स्पीकरने शुद्ध पुणेरी मराठीत विचारलं.

नत्थुजी दचकले. पण कोणी विचारलं आणि आपण उत्तर दिलं नाही, हे त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं. "चारले उठतो जी. मंडईत मालाची बोली, हर्रासी असते ना."

त्या स्पीकरला बोलण्याबरोबर ऐकायचीही सोय होती. त्यामुळे तिकडे मॅडमांच्या पडद्यावर दोन वेण्यांची मुलगी "हॅलो, हॅलो" म्हणून ओठ हलवत होती आणि तिच्या तोंडून खर्जातला आवाज निघत होता. साधना मॅडमनी चष्मा पुसून पाहिला.

"छान. आणि पुढे शिकून काय व्हायचंय?"

"आता या वयात काय शिकू, बाप्पा!"

भिंतीपलीकडून ते प्रणालीच्या कानावर आलं. ती मोबाइलवर दिसेल ते दाबत सुटली. बाहेर सुभद्रा स्पीकर बंद करायला धावली, तर भाजी घ्यायला आलेल्या केशवरावांनी तिला हाताने थांबवलं. "राहू द्या वहिनी, रेडिओवाले दिसतात."

"रेडिओ नोय हो!" सुभद्राच्या तोंडून खरं निसटलं. "आपल्या प्रणालीची मुलाखत होय!"

"कायची मुलाखत?" नत्थुजींच्या हातातलं वांगं हातातच राहिलं.

तेवढ्यात स्पीकर म्हणाला, "प्रणाली, तुमच्या शिक्षणाला घरातून कोणाचा विरोध आहे का?"

शेजारी हार ओवत बसलेल्या शकुनबाईला गप्प बसणं कधी जमलंच नव्हतं. "हाये ना जी! हे काय, बाप समोरच वांगे तोलून राहिला!"

"ए शकुन!"

"कावून खोटं सांगू, नत्थुभाऊ? पोरगी पहिली आली म्हनून गिऱ्हाइकाले पेढे वाटता, अन् पोरीले नाई म्हंता!"

नत्थुजींनी इकडेतिकडे पाहिलं. पळायला जागा नव्हती, गाडीचं चाकही पंक्चर होतं. "विरोध नाई जी," ते हळूच म्हणाले. "पन ती गेली त मले करमन कसं? संध्याकाळी घरी जाऊन आवाज कोनाले देऊ?"

बाबांचा आपल्यावर भरवसा नाही, असंच प्रणाली इतके दिवस धरून चालली होती. तिने कडी काढली आणि मोबाइल घेऊन तडक गाडीपाशी आली.

"बाबा, अमरावती काय परदेशात हाये? तिथून जवळच बडनेऱ्याले गाडी पकडली का मी आलीच समजा!" मग ती स्पीकरकडे वळली. "मॅडम, मी प्रणाली. आतापर्यंत बोलले ते माहे बाबा. लाईट नसली तरी भाजी दिवसभर ताजी राहीन, असी हातगाडी बनवाची हाये मले. रोज संध्याकाळी बाबा सुकलेला सांभार गाईपुढं टाकतात, ते मले पाहवत नाई."

नत्थुजींना हे नवीनच होतं.

"उत्तम!" साधना मॅडम म्हणाल्या. "पण आमच्या नियमाप्रमाणे पालकांचा होकार लागतो. आहे का?"

आता सगळ्या माना नत्थुजींकडे वळल्या. त्यांनी ते वांगं ताडकन पारड्यात टाकलं. "एकदा तोललं का मी मांगं घेत नाई! पाठवतो म्हना त्याईले!"

गल्लीत एकच जल्लोष झाला. शकुनबाईने ओवत असलेला हार अर्धामुर्धाच नत्थुजींच्या गळ्यात घातला. केशवरावांनी शिट्टी मारली आणि मग आपल्या पांढऱ्या केसांची आठवण होऊन इकडेतिकडे पाहिलं. केनियात वांजिरू मॅडम टाळ्या वाजवत काहीतरी बोलल्या.

"त्या विचारताहेत," साधना मॅडम हसत म्हणाल्या, "वांगी कशी दिली?"

"त्याईले सांगा, आल्या का भरीत खाऊनच जा!"

निवड झाली. उमेदवार शेवटी उगवलेली आपली ही पहिलीच मुलाखत, असं साधना मॅडमनी फोनवर सांगितलं. अमरावतीला निघण्याआधी नत्थुजींनी लेकीकडे एकच गोष्ट मागितली, स्पीकरसाठी तिच्या आवाजातली नवी हाक. ती तिने भरून दिली.

हल्ली दुपारी पुलावरून जाणाऱ्यांना ती ऐकू येते. "या ताई, या दादा, ताजे वांगे घ्या, सांभार घ्या... अन् बाबा, डबा तसाच असंन त आदी जेवून घ्या!" मग हातातली पिशवी खाली ठेवून गिऱ्हाईकच म्हणतं, "जेवा बरं नत्थुजी, आमी थांबतो." नत्थुजी कुरकुरत डबा उघडतात. "पोरगी गेली, पन धाक ठेवून गेली," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

स्पीकर बंद करायचं बटण कुठे आहे, ते त्यांना चांगलं माहीत आहे.