सोनबाजीची न जळणारी डाकीण

सोनबाजी पडद्यावरच्या प्रत्येक बाईला मावशी म्हणायचा. मग ती राजकन्या असो, गोरी मडम असो की वाघाच्या तोंडी सापडलेली नटी. "सांभाळ वं मावशी, मागं वाघ हाय!" असा तो ओरडला, की इतवारीतल्या त्या पत्र्याच्या बायस्कोपात सगळेजण मावशीसाठी जीव मुठीत धरून बसत.

तेव्हा चित्रं मुकी होती. मधूनमधून पडद्यावर इंग्रजी पाटी येई आणि ती फार थोड्यांना वाचता येई. म्हणून पडद्याशेजारी छडी घेऊन एक माणूस उभा राही आणि गोष्ट समजावून सांगे. आमच्याकडे ते काम सोनबाजीचं. दिवसा तो घरी मागावर लुगडी विणायचा आणि संध्याकाळी छडी हातात घ्यायचा. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण त्यावाचून त्याचं कधी अडलं नाही. "चेहरा वाचता आला पायजे, भाऊ. अक्षर कायले पायजे?"

मी त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहून कॉलेजात शिकत होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझ्या बी.ए.वर त्या घराचे उपकार आहेत. परीक्षेच्या दिवसांत मागाचा खडखडाट नको म्हणून सोनबाजी पहाटेचं विणकाम बंद ठेवी, आणि आतून मावशी गरम भाकर पाठवी. ही त्याची खरी मावशी, अंजनाबाई. विणायच्या सुताच्या कांड्या भरत ती आतच बसून असे. उंबऱ्याबाहेर आलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. मला वाटे, म्हातारीचे पाय दुखत असतील.

एकदा शेठनं, म्हणजे बायस्कोपच्या मालकानं, चेटकिणींचं एक परदेशी चित्र मागवलं. पाट्या वाचून सांगायला सोनबाजीनं मला पुढे बसवलं आणि माझी फजिती झाली. अक्षरं सगळी ओळखीची, पण शब्द एकही कळेना! दुसऱ्या दिवशी आमच्या प्रोफेसरांनी सांगितलं, ती स्पॅनिश भाषा. सोनबाजीला उलट आनंदच झाला. "बरं झालं. आता आपली चूक कोनी काढत नाही."

खरी चूक मात्र पहिल्याच खेळाला होऊन गेली होती. डब्यांवरचे आकडे पुसले गेले होते आणि मशीनवाल्यानं शेवटचं रीळ पहिलं लावलं. चित्र सुरू होतं न होतं तोच गावकऱ्यांनी एका म्हातारीला खांबाला बांधून आग लावली. धूरच धूर. मग तीन अक्षरांची एक पाटी आली. सोनबाजी क्षणभर अडखळला. "हे त्याइच्या देवाचं नाव हाय. हात जोडा!" सगळ्यांनी जोडले. ती 'समाप्त'ची पाटी होती, हे मला मागाहून कळलं. पुढचं रीळ लागलं, तर तीच म्हातारी धडधाकट, चुलीवर मोठं भांडं चढवून बसलेली!

सोनबाजीनं छडी आपटली. "पायलं? आगीचं काही चाललं नाही! मावशी घरी येऊन सैपाक करून राहिली!"

मग काय विचारता! मावशी झाडूवर बसून उडाली, शिट्ट्या. गावच्या पाटलाचा केसांचा टोप रश्श्यात पडला, टाळ्या. पाद्री छपरावर अडकला, तेव्हा तर लोक बाकावरून घसरले. चित्र भीतीचं होतं, पण सारी इतवारी पोट धरून हसत होती. म्हणून पुढच्या खेळांनाही रिळं तशीच उलटी लागत राहिली.

धंतोलीचे एक वकील तेवढे रागावले. "अहो, जळालेली बाई स्वयंपाक कशी करेल?"

"भूक तं लागनच ना, वकीलसाहेब!"

वकिलांनी शेठचे कान भरले. शेठनं सोनबाजीला बोलावून बजावलं, "रिळं सरळ लागतील. डाकीण शेवटी जळाली पाहिजे. नाहीतर छडी ठेव आणि घरी जा."

छडीत सोनबाजीचा जीव होता. तरी तो म्हणाला, "उद्याच्या दिवस उलटंच राहू द्या, शेठ. मंग तुम्ही म्हनान तसं."

"का रे?"

"घरचं मानूस येऊन राहिलं."

घरी परतताना त्यानं मला सांगितलं. "रामटेकाकडच्या आमच्या गावात मावशीले डाकीण म्हनत, भाऊ. कोनाचं लेकरू तापानं गेलं, की इचं नाव. एक दिवस केस कापले अन् गावाबाहेर काढलं. मी आनलं इकडं. तवापासून चार मानसात बसली नाही. मी सांगतो, मावशी, इथं लोक डाकिणीले पाहून टाळ्या वाजवते. तं म्हनते, खोटं बोलून राहिला तू." थोडं चालल्यावर तो म्हणाला, "तुम्ही बसान तिच्याजवळ? मले पडद्यापाशी उभं राहा लागते."

बायकांची बाकं वेगळी होती, मध्ये दोरी. मी दोरीच्या अलीकडे, मावशीच्या शेजारी बसलो. आग पेटली तशी तिनं पदर तोंडावर ओढला. मागून कुणीतरी ओरडलं, "जाळा तिले!" ती उठू लागली.

सोनबाजीनं त्या दिवशी पहिल्यांदाच पडद्याकडे पाठ केली. छडी खाली आली. आमच्या बाकाकडे बघत तो हलकेच म्हणाला, "बस वं मावशी. थोडं थांब."

ती बसली. पुढचं रीळ लागलं, आणि मघाचाच आवाज मागून गरजला, "आली! मावशी आली!" शिट्ट्यांनी पत्रे थरथरले. पदर जरासा सरकला. टोप रश्श्यात पडला तेव्हा मावशी हसली, आधी तोंड झाकून, मग उघड्या तोंडानं. पलीकडची एक अनोळखी बाई हसून हसून बेजार झाली होती. तिनं कडेचं लेकरू मावशीच्या मांडीवर ठेवलं. "धरा वं माय जरासं, लुगडं सावरतो."

त्यानंतर मावशीनं पडद्याकडे पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी रिळं सरळ लागली. सोनबाजीनं शेवटच्या रिळापर्यंत सगळं नीट समजावलं. मग आग पेटायच्या आधीच छडी शेठच्या हातात दिली आणि घरी आला.

मावशी उंबऱ्यात बसून कांड्या भरत होती.

"लवकर आला गा? आज काय झालं तिचं?"

सोनबाजीनं चपला काढल्या.

"काय होनार? सैपाक करून राहिली."