स्वच्छ तेल

गाडीचं नुकसान झालं आहे हे कळलं, तेव्हा टेलरकाका फाटकाशी खुशीत उभे होते. गाडी बघायला आलेला कोपऱ्यावरचा केमिस्ट ती घेऊन पाण्याच्या टाकीपर्यंत चक्कर मारायला गेला होता. सोबत काकांची मुलगी होती. परत येताना आधी गाडीचा आवाज आला, मग धूर आला. गाडी सगळ्यात शेवटी आली. मुलगी स्टिअरिंगवर होती आणि केमिस्ट मागून ढकलत होता.

"बाबा," मुलगी खाली उतरून म्हणाली, "तुम्ही गाडीला काही केलंत का?"

"तेल बदललं," काका म्हणाले. "आज सकाळीच."

गाडी काकूंची. काका कपडे शिवायचे आणि काकू ते गिऱ्हाइकांकडे पोचवायच्या. काकांना गाडी चालवता येत नव्हती. ते शेजारच्या सीटवर बसून रस्ता सांगायचे आणि काकू स्वतःला ठाऊक असलेल्या रस्त्याने जायच्या. तेल बदलायची वेळ आली की घरात ठरलेलं बोलणं व्हायचं.

"गॅरेजवाल्याला कशाला पैसे घालायचे? मी करतो की. अख्खं शिलाई मशीन खोलतो मी, गाडी म्हणजे काय वेगळं आहे?"

"कधी करताय?"

"या रविवारी."

काकू तेवढा रविवार जाऊ द्यायच्या. सोमवारी गाडी गॅरेजमध्ये. तेल धरायला म्हणून काकांनी हौसेनं आणलेल्या टबात काकूंनी पुदिना लावला होता, आणि तो टब रिकामा करून द्यायची वेळ काकूंवर कधी आली नाही.

मग काकू गेल्या आणि गाडी दारात उभी राहिली. काका रोज ती पुसायचे. ड्रायव्हरची सीट काकूंच्या उंचीप्रमाणे पार पुढे ओढलेली होती, तिला हात लावायचे नाहीत. मुलीनं बरेच दिवस बघितलं आणि शेवटी म्हणाली, "बाबा, उभी राहून सडेल ती. केमिस्टकाका विचारतायत. देऊन टाकू."

"मी सांभाळतो की."

"सांभाळता म्हणजे काय करता? पुसता. अहो, गाडीला तेलपाणी लागतं."

हा शब्द काकांनी धरला. रविवारी संध्याकाळी केमिस्ट येणार होता. त्याआधी तेल बदलून दाखवायचं, म्हणजे गाडी विकायचं कारणच उरणार नाही, असा त्यांचा हिशोब होता. सकाळी त्यांनी पुदिना उपटून टब मोकळा केला. जॅक लावला, चाकांखाली दुकानातले लाकडी ठोकळे सरकवले, चाकं कुठे आहेत त्याच्या जमिनीवर खडूने खुणा केल्या आणि उताणे होऊन आत शिरले. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, कुठे आहात?"

"गाडीखाली."

पलीकडे मुलीच्या हातातलं काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग एकदम, "लागलं का? कोणाची गाडी?"

"आपलीच. आणि मी आपण होऊन आलोय खाली."

"बाबा, आधी बाहेर या."

"येतो. बटण अडकलंय."

बटण तुटलं. जन्मभर लोकांची बटणं लावणाऱ्या माणसाला स्वतःचं लावायला जेमतेम दोन टाके पुरले होते.

खाली दोन बोल्ट होते. एक मळका, तेलानं माखलेला. दुसरा कोरडा, नीटनेटका. काकांचा हात नीटनेटक्याकडे गेला. पाना लावला आणि टबात धार लागली. सोनेरी, स्वच्छ. शिलाई मशीनला घालतात तसलं. ते बघून काकांचा ऊर भरून आला. इतके महिने झाले तरी हिच्या गाडीतलं तेल एवढं चांगलं. घरातला एक डबा चिकट राहू दिला नाही तिनं, गाडी तरी कशी राहू देईल?

बोल्ट आवळून त्यांनी वरून इंजिनात नवं तेल ओतलं. मोजपट्टी बुडवून पाहिली तर तेल खुणेच्या कितीतरी वर. कापडही अंगापेक्षा थोडं जास्तच घ्यावं, कमी पडायला नको, असं म्हणून त्यांनी झाकण लावलं.

संध्याकाळी केमिस्ट आला. चांगला उंच माणूस. गुडघे स्टिअरिंगला टेकवून बसला आणि म्हणाला, "सीट जरा मागे घेऊ का?"

"नको," काका म्हणाले.

तो तसाच गेला आणि ढकलत परत आला. आता तो घाम पुसत म्हणाला, "काका, गाडी राहू दे तुमच्याकडेच." आठवडाभर काकांना हेच वाक्य ऐकायचं होतं. ऐकलं, आणि त्यांना काही बरं वाटलं नाही.

मेकॅनिक आला. वाकून बघितलं, बोटाला तेल लावून वास घेतला.

"कुठला बोल्ट खोललात, काका?"

"चांगला होता तो."

"तो गिअरबॉक्सचा. म्हणजे गिअरबॉक्स कोरडा पडला आणि इंजिनात दुप्पट झालं. निघालेलं तेल काळं होतं का?"

"छे. अगदी स्वच्छ."

"मग तिथंच थांबायचं ना. इंजिनाचं काळंकुट्ट निघतं."

"मला वाटलं," काका म्हणाले, "तिनं ठेवलंय."

मेकॅनिक पाना शोधायला लागला. पाना त्याच्या हातातच होता.

"एवढी वर्षं आईनं चालवली," मुलगी हळूच म्हणाली. "कधी रस्त्यात बंद पडली नाही."

"माहीत आहे मला," काका म्हणाले.

"गिअरबॉक्स उतरवून नेतो," मेकॅनिक म्हणाला. "आणि इंजिनातलं सगळं काढून टाकतो. तुम्ही ओतलेलं आणि खालचं जुनं."

"जुनं म्हणजे?"

"काकूंनी शेवटचं घालून घेतलेलं. आमच्या गॅरेजात स्टुलावर बसायच्या. सोमवारी यायच्या आणि म्हणायच्या, कालच घरी बदलायचं होतं, पण यांना वेळ नाही झाला."

काकांनी बॉनेटवर हात ठेवला.

"ते वेगळं काढता येईल का? तिचं?"

"आता मिसळलं, काका."

"मग राहू दे."

"बाबा, असं कसं राहू दे," मुलगी म्हणाली.

"गाडी चालवायची नाही तोवर घाई नाही," मेकॅनिक म्हणाला.

गिअरबॉक्स गॅरेजात सुटा पडला आहे. गाडी दारात आहे, सीट पुढेच आहे. टब धुऊन काकांनी पुदिना परत लावला. तो जगला, पण त्याला तेलाचा वास येतो. शर्टाचं बटण लावलेलं नाही. आणि इंजिनातलं तेल बदलायचं अजून राहिलं आहे.