राखीव आवाज

मॅचच्या आधी दोन दिवस आमच्या शेजारच्या टिपणीसांच्या घरातून फक्त वहिनींचा आवाज यायचा. भाऊसाहेबांचं मौन असायचं. देवाधर्माशी त्याचा काही संबंध नव्हता. भाऊसाहेब टीव्हीवर मराठीतून फुटबॉलचं समालोचन करायचे आणि घसा जपायचे, एवढंच. भर मे महिन्यात गळ्याला मफलर, तोंडात ज्येष्ठमधाची काडी, आणि बोलायचं ते हातांनी. हातांनी म्हणजे रेफ्रीच्या खुणांनी. दुधात पाणी दिसलं की भय्याला पिवळं कार्ड. ते कार्ड त्यांनी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेतून कापून काढलं होतं. मागच्या बाजूला 'चि. सौ. कां.' एवढं अजून वाचता यायचं.

लग्न होऊन मी नौपाड्यात आले त्याच आठवड्यात त्यांच्याकडे विरजण मागायला गेले. दार उघडून या गृहस्थांनी काही न बोलता एक हात सरळ आकाशाकडे नेला आणि तसेच उभे राहिले. मी घाबरून परत फिरणार, तोच आतून वहिनी आल्या. "अगं, घाबरू नकोस. 'जरा थांबा' म्हणतायत. उद्या मॅच आहे ना!"

वहिनी त्यांच्या दुभाषी होत्या. "भुवया वर गेल्या, म्हणजे चहात साखर कमी. मान डावीकडे, म्हणजे पंखा बंद कर. हे चेंडूचं समालोचन करतात, मी यांचं. मला कोणी टीव्हीवर बोलवत नाही, एवढाच फरक."

एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून आमचे सेक्रेटरी जोशी बोलायला लागले ते थांबेचनात. भाऊसाहेब उठले, मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की माणसं सवयीनं उठून चपला शोधायला लागली. टाकीचा प्रश्न पुढे वर्षभर लोंबकळला, पण जोशी त्यानंतर आटोपशीर बोलायला शिकले.

आणि हाच माणूस टीव्हीवर लागला की धबधबा! मॅचच्या दिवशी तळलेलं वर्ज्य, कारण ते घशाला धरतं. आता टिपणीसांच्या घरात रविवारी मासळी नाही म्हणजे सुतकच. ती सगळी उपासमार मग समालोचनात उतरायची. "गोलकीपरच्या हातातून चेंडू बोंबलासारखा सुटला!" "काय तो पास, रसिकहो, गरम भातावर कोलंबीचं कालवण!" वहिनी टीव्हीसमोर बसून म्हणायच्या, "भूक लागलीय. कुकर लावते."

नावांच्या बाबतीत मात्र ते कर्मठ होते. "ज्याचा पाय, त्याचं नाव," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नुसतं आडनाव घेऊन पुढे जायचं नाही. पूर्ण नाव, शक्यतो गावासकट. "घरचे बसलेले असतात हो टीव्हीसमोर, मंदाताई," ते मला एकदा म्हणाले. "भाजी गॅसवर करपत असते, पण उठत नाहीत. पोराचं नाव यायचं असतं."

असं असताना एका मॅचमध्ये त्यांनी एकाचा गोल दुसऱ्याच्या नावावर घातला. चष्म्याचा नंबर वाढला होता. चूक मॅच संपल्यावर कळली आणि रात्रभर त्यांना झोप नाही. सकाळी पेढे घेऊन, धुवट झब्बा घालून ते त्या खेळाडूच्या घरी कल्याणला गेले. अनोळखी, वयस्क, पेढे घेऊन आलेला माणूस "तुमच्या चिरंजीवांसंबंधी बोलायचं होतं" म्हणतोय, असं दिसल्यावर मुलाच्या वडिलांनी त्यांना पाटावर बसवलं, पोहे केले आणि आतून मुलाची पत्रिका आणून पुढ्यात ठेवली. भाऊसाहेबांना वाटलं, मुलाची जन्मतारीख समालोचनात सांगावी अशी इच्छा असेल. ती त्यांनी वाचून पाठसुद्धा केली. शेवटी मुलाच्या आईनं विचारलं, "मुलगी काय करते?"

हसून हसून आमची पुरेवाट झाली. भाऊसाहेब हसले नाहीत. "ज्यानं गोल केला त्याला नाव मिळालं नाही," म्हणाले. "आता पुरे." पुढच्या अंतिम सामन्यानंतर थांबतो, असं त्यांनी टीव्हीवाल्यांना कळवून टाकलं. केबल आली होती, परदेशातले सामने घरबसल्या दिसत होते. टीव्हीवाल्यांनी फार आग्रह केला नाही. शेवटी निरोपाचे दोन शब्द बोलायला एक मिनिट देऊ, एवढं म्हणाले.

त्या एका मिनिटासाठी भाऊसाहेब महिनाभर तयारी करत होते. आमच्या मधली भिंत म्हणजे पापडच. 'रसिकहो, आज हा आवाज तुमचा निरोप घेतोय' हे पहिलं वाक्य आमच्या अख्ख्या मजल्याला पाठ झालं. माझी मुलगी शाळेत जाताना तेच म्हणून निघायची.

याच सुमारास बाजारात गंगाबाईनं त्यांना गाठलं. गंगाबाई म्हणजे आमची कोळीण, खाडीकडच्या कोळीवाड्यातली. तिचा प्रकाश एका बँकेच्या संघात होता, पण सदा बाकावर.

"भाव, माज्या पोराचा नाव कवा घेशील टीवीवर?"

"तो मैदानात उतरला की लगेच घेतो, गंगाबाई. त्याच्या आधी घेता येत नाही. नियम आहे."

"मेला तुजा नियम," असं म्हणून तिनं त्यांना त्या दिवशी शिळी मांदेली घातली.

शेवटच्या मॅचला सगळी इमारत टिपणीसांकडे जमली. वहिनी जरीकाठी नेसून बसल्या होत्या. जोशींनी हार आणून फ्रीजमध्ये ठेवला होता. खेळ संपत आला आणि बँकेच्या संघाचा एक खेळाडू लंगडत बाहेर गेला. भाऊसाहेबांचा आवाज एकदम चढला.

"आणि मैदानात येतोय प्रकाश नाखवा! रसिकहो, प्रकाश गंगाबाई नाखवा, ठाण्याचा! भरती-ओहोटी बघून फुटबॉल शिकलेला मुलगा!"

मुलाच्या पायाला चेंडू काही लागेना. पण भाऊसाहेब त्याला सोडेनात. चेंडू त्या टोकाला, आणि हे सांगतायत प्रकाश नाखवा कुठे उभा आहे, कसा उभा आहे, किती योग्य जागी उभा आहे. शेवटी त्याला एक थ्रो-इन मिळाला.

"प्रकाश नाखवा! दोन्ही हात डोक्यामागे, दोन्ही पाय जमिनीवर! असा थ्रो-इन पाठ्यपुस्तकात छापावा!"

खेळ संपला. विजेते नाचत होते, आणि हरलेल्या संघातला प्रकाश नाखवा कोणाकोणाशी हस्तांदोलन करतोय ते भाऊसाहेब सांगत होते. सांगताहेत तोवर पडद्यावर शेतकऱ्यांचा कार्यक्रम सुरू झाला आणि एक गृहस्थ भुईमुगावरच्या किडीबद्दल बोलायला लागले.

"अहो, पण निरोप?" जोशी ओरडले. वहिनींनी उठून सगळ्यांसाठी चहा टाकला.

संध्याकाळी भाऊसाहेब आले तेव्हा सगळ्यांनी तेच विचारलं. "राहिलं," एवढंच म्हणाले. जोशींनी घातलेला हार बर्फासारखा गार होता. त्यांनी तो गळ्यात तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगाबाई टोपली घेऊन वर आली. मी वहिनींकडेच होते. तिनं चांगलं तळहाताएवढं पापलेट काढून भाऊसाहेबांच्या हातात दिलं.

"वाड्यातली समदी माज्या घरात व्हती. पोराचा नाव घेऊन घेऊन तुजा घसा बसला असंल," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून विचारलं, "खरा सांग, भाव. बरा खेळला का?"

"थ्रो-इन उत्तम केला."

"त्यो कसा असतो?"

भाऊसाहेबांनी दोन्ही हातांत पापलेट धरलं, डोक्यामागे नेलं, पाय जमिनीवर घट्ट रोवले आणि कमरेतून वाकून दाखवलं. पाणी त्यांच्या शर्टावर, पाठीवर, सगळीकडे. गंगाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि टोपली उचलून गेली.

मी म्हटलं, "भाऊसाहेब, एवढं पाठ केलेलं भाषण, आणि तुम्ही..."

ते पापलेटकडे बघत म्हणाले, "मी एका गिरणीच्या संघाचा राखीव गोलकीपर होतो, मंदाताई. काही मोसम. एकदाही उतरवलं नाही मला. घरी आई विचारायची, खेळलास का? मग मी काय करायचो, सगळे गेले की गोलपोस्टपाशी चिखलात लोळायचो. मळलेली जर्सी बघून ती पुढे काही विचारायची नाही."

एवढं बोलून ते शर्ट बदलायला आत गेले.

वहिनी विळीवर बसल्या होत्या. पापलेटचे पर कापता कापता हळूच म्हणाल्या, "सासूबाईंना ठाऊक होतं."

"काय सांगता!"

"मला लग्नाच्या वर्षीच सांगितलं त्यांनी. म्हणाल्या, 'चिखल कसा असायचा माहितीय, अंगभर एकसारखा, सारवल्यासारखा. खेळणाऱ्याला कधी इतका नीट लागतो का? पण मी जर्सी दगडावर आपटताना मुद्दाम मोठ्यांदा ओरडायची, किती रे खेळतोस मेल्या, हात मोडले माझे! आत त्याला ऐकू जायला नको का?'"

"आणि भाऊसाहेबांना हे..."

वहिनींनी मान हलवली. "नाही. आणि तूही बोलू नकोस."

तेवढ्यात भाऊसाहेब ओला शर्ट हातात घेऊन बाहेर आले आणि कुठे टाकू म्हणून उभे राहिले. वहिनींनी तो त्यांच्या हातातून ओढून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"काय ही शर्टाची दशा! किती हो खेळता!"